भूलतज्ज्ञाला कशाला सांगायचं?

ऑपरेशनची तारीख मिळाली? मग आधी नौपाड्यातल्या मावशींना आणि घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या ग्रुपला कळवा. संध्याकाळपर्यंत गुळवेल, आलं, हळद, सगळं दारात हजर होईल. कुणाचंही मन मोडू नका. लसूण तेवढी जांभळी नाक्यावरून स्वतः आणा, ताजी मिळते.

मग भूलतज्ज्ञ तपासायला येतील. दमा आहे का, अ‍ॅलर्जी कशाची, दात हलतात का, असं सगळं विचारून झाल्यावर फॉर्मवरची मान वर न करता म्हणतील, "चालू औषधं?" ठणकावून सांगा, "बीपीची एक गोळी. बाकी काही नाही." रोज अनशापोटी लसणाच्या चार पाकळ्या, हळदीच्या कॅप्सूल, झोपेसाठी दुधातून अश्वगंधा, घशाला ज्येष्ठमध, शुगरला मेथी-कारल्याचं चूर्ण, ही काय औषधं झाली? शेजारी बसलेली बायको "अहो, पण ते..." म्हणू लागली, तर तिला पाणी आणायला पाठवा.

भूलतज्ज्ञांचं म्हणणं, लसणामुळे प्लेटलेट्स एकमेकींना नीट चिकटत नाहीत. अहो, रक्त पातळ व्हावं म्हणूनच तर खातो! टेबलावरही ते तितकंच पातळ राहतं, हे सर्जनसाहेब बघून घेतील. अश्वगंधेने गुंगीच्या औषधाचा असर वाढू शकतो. ज्येष्ठमध फार दिवस घेतलं तर पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. मेथी-कारल्याने साखर खाली येते, आणि भुलीत असताना "डॉक्टर, गरगरतंय" असं सांगायला तुम्ही जागे नसता. तेवढीच शांतता.

२००१ साली 'जामा' या नियतकालिकात शिकागोच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की लसूण आणि जिनसेंग (ताकदीसाठी घेतात ती मुळी) ऑपरेशनच्या किमान ७ दिवस आधी थांबवा, गिंको (स्मरणशक्तीसाठी घेतात तो पानांचा अर्क) ३६ तास आधी. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला तर सरसकट २ आठवड्यांचा. तिकडच्या लोकांना आपल्या आजीच्या बटव्यातलं काय कळणार? आपला हिशेब सोपा आहे: परिणाम जबरदस्त, दुष्परिणाम शून्य. (एखादा वैद्यच म्हणतो, "ऑपरेशन आहे ना, मग हे बंद ठेवा आणि सर्जनच्या कानावर घाला." असा वैद्य ताबडतोब बदलावा.)

ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहायला सांगतात. काढा त्यात धरत नाहीत. तो थर्मासमधून न्या आणि सिस्टरची पाठ वळली की दोन घोट घ्या. भुलीत उलटी होऊन तो फुप्फुसात जाऊ शकतो म्हणे. गेला तर गेला, कफावर गुणकारीच आहे.

आणि नंतर ड्रेसिंग बदललं तरी पुन्हा लाल होऊ लागलं, डॉक्टर परत येऊन "खरंच काही घेत नव्हता ना?" असं विचारू लागले, तरी जबाब फिरवू नका. करू देत त्यांना रक्ताच्या तपासण्या पुन्हा. डिस्चार्जच्या दिवशी बिलात त्या दिसल्या, की काउंटरवर आवाज चढवा: "हल्ली उगाचच टेस्ट काढता हो तुम्ही लोक!"