'अपग्रेड करून साइट झोपवली' या एक स्टार अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या तीन तक्रारी आहेत. न सांगता सर्व्हरचं अपग्रेड केलं, साइट दोन दिवस बंद राहिली, आणि वर 'दोष तुमच्या प्लगिनचा' (साइटला जोडलेल्या जादा सोयीच्या प्रोग्रॅमचा) असं ऐकवलं. पहिली अर्धी खरी आहे. मेल आठवडाभर आधी गेला होता, पण साइट बंद पडू शकते हे त्यात कुठंच नव्हतं. उरलेल्या दोन्ही पूर्ण खऱ्या आहेत.

सर्व्हरवरचं पीएचपी, म्हणजे तुमची साइट ज्या भाषेत चालते ती, ७.४ वरून ८.२ वर नेणं गरजेचंच होतं. नोव्हेंबर २०२२ नंतर ७.४ ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालंय. पण काम झाल्यावर आम्ही पाहिलं काय, तर फक्त होमपेज. ते छान उघडलं, कारण ते कॅशमधून, म्हणजे आधी साठवून ठेवलेल्या प्रतीतून, येत होतं. प्लगिनपर्यंत गाडी पोचतच नव्हती. रात्री कॅशची मुदत संपली आणि सकाळी तुमच्या ग्राहकांना गंभीर त्रुटीची पाटी दिसली. लॉगिन करून आतली चार पानं उघडली असती, तर हे आदल्या दिवशीच कळलं असतं.

तुमची साइट ज्या वर्डप्रेसवर चालते, त्यात ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, असं काही झालं की ॲडमिनच्या मेलवर रिकव्हरी मोडची (बिघडलेली साइट आत जाऊन दुरुस्त करण्याची) लिंक आपोआप जाते आणि अडचण कुठल्या प्लगिनमध्ये आहे तेही त्यात असतं. तुमच्याकडे ती गेली नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर. तो पत्ता बदलून घेणं आमच्या देखभालीच्या कामातच येतं, त्यामुळे हेही आमच्याच खात्यावर.

मग आमच्या सहकाऱ्याने प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदलून सगळी प्लगिन एकदम बंद केली. इथवर ठीक. फोल्डरचं नाव बदलल्याने सेटिंग जात नाहीत, ती डेटाबेसमध्ये राहतात; तुमचे जुने फॉर्म उडाले नाहीत ते त्यामुळेच. पण पुढे एकेक प्लगिन चालू करून बघण्यात अख्खी दुपार गेली. एरर लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या चुकांच्या नोंदवहीत, फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर सकाळपासून लिहिलेला होता! स्लायडरचं (सरकत्या चित्रांचं) प्लगिन 'क्रिएट फंक्शन' ही पीएचपीची जुनी आज्ञा वापरत होतं, आणि ते पीएचपी ८ मधून काढून टाकलेलं आहे. लॉग आधी वाचायचा, हात नंतर लावायचा, हे मी नव्या मुलांना शिकवतो. त्या दिवशी 'लॉग वाचला का' हे मीच विचारलं नाही.

संध्याकाळी आम्ही 'झालं' म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी चौकशीचा फॉर्म बंद पडला. त्यावर तुम्ही लिहिलंय, 'यांना स्वतःलाच कळत नाही.' तो दोष वेगळ्या प्लगिनचा होता. फॉर्ममधला ऐच्छिक रकाना रिकामा सोडला, की ते प्लगिन 'काहीच नाही' याची मोजणी करायला जायचं. ७.४ मध्ये यावर नुसती वॉर्निंग येते, ८ मध्ये काम तिथंच थांबतं. आम्ही फॉर्म तपासताना सगळे रकाने भरले होते. खरा ग्राहक कशाला भरतोय!

आता तुमचा सगळ्यात बोचरा प्रश्न: 'जुनं व्हर्जन परत का नाही लावलं?' लावता आलं असतं. होस्टिंगच्या पॅनेलमधून काही मिनिटांचं काम होतं. दोन दिवस ७.४ वर साइट चालू ठेवून कॉपीवर शांतपणे दोष शोधता आला असता. ते केलं नाही, कारण 'एवढ्यात सापडेल' असं प्रत्येक तासाला वाटत होतं. यावर माझ्याकडे सफाई नाही.

प्लगिनचा कोड जुना होता हे खरं. पण ते अपग्रेडआधी तपासून सांगणं आमचं काम होतं, त्यामुळे फोनवरचं ते वाक्य मी मागे घेतो. त्या बोलण्याबद्दल माफी मागतो.

स्लायडरच्या जागी दुसरं प्लगिन बसवलंय, फॉर्मच्या प्लगिनचं नवं व्हर्जन टाकलंय, ॲडमिनचा मेल तुमच्या नावावर केलाय. या कामाचं बिल रद्द केलं आहे. यापुढचं प्रत्येक अपग्रेड आधी साइटच्या कॉपीवर होईल आणि ती कॉपी तुम्ही स्वतः वापरून 'हो' म्हटल्याशिवाय मूळ साइटला हात लागणार नाही. फॉर्म तपासताना रकाने मुद्दाम रिकामे सोडा.