दोन नंबरची बाटली

मंडळी, काल रात्रीपासून डोक्यात घोळतंय ते लिहून टाकतो, नाहीतर आजही झोप लागायची नाही.

आमचा वाईनचा ग्रुप तुम्हाला ठाऊक आहे. टिळकवाडीत एकाच्या गच्चीवर महिन्यातून एकदा बसतो. काल बारोलो होती, इटलीतली लाल वाईन. यंदा तिघे परदेशी जाऊन आले, ड्युटी फ्रीच्या दोन लिटरांत बसतात म्हणून प्रत्येकी दोन बाटल्या घेऊन आले. तीन जुन्या पद्धतीच्या, तीन नव्या. ‘तरुण भारत’ची पानं गुंडाळून वर नुसते नंबर टाकले. मुलूख एकच, पिएमोंते. द्राक्ष एकच, नेब्बिओलो. जुन्या पद्धतीत साली रसात महिनाभर, कधी त्याहून जास्त राहतात, आणि मग वाईन हजारो लिटरच्या जुन्या लाकडी पिंपांत मुरत पडते. नव्या पद्धतीत साली थोड्या दिवसांत बाहेर, वाईन 225 लिटरच्या कोऱ्या फ्रेंच ओकच्या पिंपात. रंग गडद, व्हॅनिलाचा वास, पहिल्याच घोटाला मऊ.

दोन नंबरची ग्लासात पडली आणि एकजण ओठाला लावायच्या आधीच म्हणाला, “पाणचट दिसतीय की ही.” नेब्बिओलोचा रंग मुळात फिकाच असतो, पण ऐकतो कोण! बहुतेकांच्या चिठ्ठीवर ती शेवटी गेली. मग कागद काढले. कुणीतरी मोबाईलवर किमती बघितल्या. दोन नंबर सगळ्यांत महाग, जुन्या पद्धतीची. आणि तोच माणूस म्हणतो, “मला वाटलंच होतं, हिच्यात काहीतरी वेगळं आहे.”

काय वाटलं होतं? कधी? मला इतका संताप आला की जेवायला न थांबता उठून आलो.

कारण मला आमचं गुऱ्हाळ आठवलं. निपाणीजवळ, गावाकडचं. बाबा रानभेंडीच्या रसानं मळी काढायचे, दुसरं काही नाही. गूळ तांबूस-काळपट व्हायचा. वाफ्यातला गरम खडा माझ्या हातावर ठेवून म्हणायचे, “डोळं झाक. आता सांग, कुठल्या रानातला ऊस?” विहिरीकडचा आणि ओढ्याकडचा गूळ मला लहानपणीच वेगळा ओळखता यायचा. बाजारात मात्र अडत्या ढेपेकडे नुसतं बघून म्हणायचा, “करी बेल्ल यार तगोतार?” काळा गूळ कोण घेणार. खडा मोडून तोंडात टाकायचीही तसदी घ्यायचा नाही.

बरं, नव्या पद्धतीची वाईन वाईट नव्हती. माझ्या चिठ्ठीवर चार नंबर पहिला होता आणि ती नव्या पद्धतीची निघाली. मान्य. पण मी लेबल बघून शब्द फिरवला नाही. आणि दोन नंबरला एका संध्याकाळीत न्याय मिळणारच नव्हता. बारोलो कायद्यानंच किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडात, आणि जुन्या पद्धतीची तर त्यानंतरही कित्येक वर्षं तोंड आवळते. तिला तुम्ही तासाभरात नापास करता?

तिकडेही यावरून घरं फुटली आहेत. एलिओ आल्तारे या बारोलोवाल्यानं 1983 मध्ये बापाची जुनी पिंपं चेनसॉनं कापली, बापानं त्याला वारशातून काढलं. उलट म्हातारा बार्तोलो मास्कारेल्लो शेवटपर्यंत मोठ्या पिंपांना धरून राहिला. आता म्हणे दोन्हीकडचे बरेच जण मध्यावर आलेत. येऊ देत. मला त्या कापलेल्या पिंपांवरून पुढे जाताच येत नाही.

कारण 1996 च्या हंगामात मीही तेच केलं. बाबा लग्नाला गेले होते. मी गुळव्याला सांगून रसात रंग उजळणारी हायड्रॉस पावडर टाकायला लावली. ढेपा निघाल्या पिवळ्याधमक, भावही चांगला आला. एक ढेप घरी ठेवली होती. बाबा आले, खडा मोडला, डोळे मिटून तोंडात धरला. मला काही बोलले नाहीत. ती ढेप उचलून गोठ्यात नेऊन ठेवली. त्या हंगामात पुन्हा माझ्या हातावर खडा ठेवला नाही, आणि पुढच्या वर्षी गुऱ्हाळच बंद केलं. घरात पैसा हवा होता, हे खरं. तरीही.

म्हणून काल त्या मित्रावर एवढा चिडलो, हे आता लिहिताना कळतंय. त्याला रात्री बोललो ते जास्तच झालं. तो वाचेल हे. भावा, राग धरू नकोस.

निघताना दोन नंबरची उरलेली बाटली मागून आणली होती. मघाशी जेवण झाल्यावर दिवा बंद करून एक घोट घेतला. कालचा आवळलेपणा बराच सुटलाय. सुकलेल्या गुलाबाचा वास, मागून डांबरासारखं काहीतरी, आणि ते जिभेवरून जाता जात नाही.

लगेच दादाला फोन लावला. गूळ उकळायची काहील आहे का अजून, विचारलं. म्हणाला, “हाय की, म्हशी पाणी पितात तिच्यात.” म्हटलं, घासून ठेव. रविवारी येतो.