रोबो बंद पाडावा कसा: नव्या टीमसाठी चार गोष्टी

यंदा कॉलेजच्या रोबोकॉन (विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या रोबोंची स्पर्धा) टीममध्ये निवड झाली म्हणता? अभिनंदन! आता सगळ्यात आधी टी-शर्टाचं बघा. रंग कोणता, कॉलर हवी का, स्पॉन्सरचा लोगो छातीवर की बाहीवर, यात दोन महिने सहज जातात आणि जायलाच हवेत. अख्ख्या प्रकल्पात ठरल्या तारखेला, ठरल्या मापात तयार होणारी वस्तू ती एवढीच.

नियमपुस्तिका सगळ्यांनी वाचण्याची गरज नाही. एकानं वाचावी, बाकीच्यांनी त्याला विचारावं. त्यानंही शक्यतो गेल्या वर्षीचीच वाचलेली असावी. विषय दर वर्षी यजमान देश ठरवतो, हे खरं. पण २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय होता दहीहंडी, आणि २०२२ मध्ये दिल्लीत लगोरी. आपलेच खेळ, त्यात वाचायचं काय? पुण्यातली ती स्पर्धा चीनच्या विद्यार्थ्यांनी जिंकली. बिचाऱ्यांना गोविंदा ठाऊक नसणार, म्हणून नियम वाचत बसले असतील.

मग टीमचे तीन तुकडे करा: मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग. तिघांचे व्हॉट्सॲप ग्रुप वेगळे. चेसिस (रोबोचा सांगाडा) आखताना बॅटरी कुठे बसणार, हे मेकॅनिकलनं विचारू नये. सर्किट बोर्ड केवढा होणार, हे इलेक्ट्रॉनिक्सनं सांगू नये. प्रोग्रॅमिंगवाल्यांनी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसावं, त्यांची पाळी आदल्या रात्री येते. तोवर सरांना कॅडवरचा (कॉम्प्युटरवर आखलेला) रोबो गोल गोल फिरवून दाखवत राहा. कॅडमध्ये ॲल्युमिनियम वाकत नाही, वेल्डिंगनं फ्रेम तिरकी होत नाही, आणि वायरी तर नसतातच. सर खूश होतात.

चाकं मेकॅनमच घ्या. रोबो आडवासुद्धा सरकतो, हे यूट्यूबवर दिसतं. चारही चाकांवर सारखं वजन पडलं नाही तर तो मनाला येईल तिकडे जातो, हे दाखवायला तिथं कुणाला वेळ असतो? खरेदीला तपकीर गल्लीत जाताना (मुंबईकरांनी लॅमिंग्टन रोडला) यादी नेऊ नका. मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज पुरवणारं सर्किट) मोजून आणा, जास्तीचा एकही नको. मोटर अडकली की किती करंट खेचते, ते डेटाशीटमध्ये शोधायची गरज नाही. ड्रायव्हर स्वतःच सांगतो, धूर सोडून.

आता मन लावून करायचं काम. मोटरच्या शाफ्टवर (फिरत्या दांड्यावर) चाकाचा हब बसवताना शाफ्टला फ्लॅट (स्क्रू टेकायला सपाट बाजू) पाडू नका. गोल, गुळगुळीत शाफ्टवर बारकासा ग्रब स्क्रू ॲलन कीनं करकचून आवळा. लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावू नका, उगाच खर्च. रोबो स्टँडवर, चाकं अधांतरी असताना चाक झकास फिरतं. लगेच व्हिडिओ काढून ग्रुपवर टाका, खाली अंगठ्यांची रांग लागेल. मग रोबो जमिनीवर ठेवा. अंगावर वजन आलं की आत शाफ्ट फिरतो आणि बाहेर चाक ढिम्म. एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) मोटरच्या मागच्या टोकाला, त्यामुळे तो इमानेइतबारे कळवतो की रोबो दोन मीटर पुढे गेलाय. रोबो तिथंच. इथून पुढे रात्र-रात्र जागून पीआयडीचे (मोटरला किती जोर द्यायचा ते ठरवणाऱ्या सूत्राचे) आकडे बदलायचे. केपी वाढवा, केडी कमी करा, केआय शून्यच राहू द्या, सीनिअरांनीही तो शून्यच ठेवला होता. ॲलन कीला मात्र कुणी हात लावायचा नाही. ती मेकॅनिकलची, आणि मेकॅनिकलचं काम तर कधीच 'झालंय'. व्हिडिओ आहे ना ग्रुपवर!

सेन्सर एका बॅटरीवर आणि कंट्रोलर दुसऱ्या बॅटरीवर असेल तर दोघांचे ग्राउंड (शून्य व्होल्टच्या वायरी) जोडू नका. रीडिंग वाटेल तसं नाचतं आणि खापर कोडवर फोडता येतं. लायपो बॅटरीचा सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये म्हणतात. म्हणोत बापडे. व्होल्टेज उतरलं की वाजणारा बझर आधी काढून टाका, रात्री कानाशी ओरडतो. बॅटरी टम्म फुगली की चार्ज पुरेपूर भरला, असं समजणारा एक जण प्रत्येक टीममध्ये असतो. त्यालाच चार्जिंगवर बसवा. (आग विझवायचं सिलिंडर कुठे आहे, ते लॅबच्या मामांना माहीत असतं. मामा सहाला घरी जातात.)

राष्ट्रीय फेरी बालेवाडीला व्हायची तेव्हा पुण्याच्या टीमांची चैन होती, विसरलेला पाना घरून मागवता यायचा. अलीकडे दिल्ली गाठावी लागते, म्हणजे रोबो खोलून पेटीत भरणं आलं. खोलताना वायरींना चिठ्ठ्या लावू नका. वायरी सगळ्या लाल आणि काळ्याच असाव्यात, दिसायला शोभतात. उघडताना फोटो काढायचं ज्याच्याकडे दिलंय, त्याला टी-शर्टांच्या मागे पाठवा. तिथं पिटमध्ये (टीमांच्या रोबो जोडायच्या जागेत) पोचलात की तिन्ही ग्रुप पहिल्यांदाच एका टेबलाभोवती उभे राहतील आणि बॅटरी फ्रेममध्ये मावत नाही, हे तेव्हा कळेल. फ्रेम कापायला ग्राइंडर शेजारच्या टीमकडे मागा. तेही तुमच्याकडेच मागायला येत असतील.

सामन्यात रोबो हलला नाही तर रिट्राय (पुन्हा सुरुवात करायची संधी) मागा. रिट्रायमध्ये काही बदलत नाही, पण हात वर करून ओरडताना फोटो चांगला येतो. लिंक्डइनला तोच लावा.

परत आल्यावर अहवाल. त्यात 'वेळेअभावी' हा शब्द दर पानावर आला पाहिजे, टी-शर्टाचा उल्लेख कुठेही नको. कोड कुणाच्या लॅपटॉपवर आहे, ते त्याच्या प्लेसमेंटनंतर त्यालाच विचारावं. पुढच्या टीमला रोबो अख्खा देऊ नका, मोटरी काढून खोक्यात द्या. त्यातली एक जळलेली आहे. कोणती, ते सांगू नका.