डी-नाय-नाडा

गेल्या शनिवारी भरल्या स्टेडियममध्ये आमच्या ज्ञानदाचं नाव पुकारलं गेलं. म्हणजे कुणाचं तरी पुकारलं गेलं. भोंग्यातून आलं ते 'डी-नाय-नाडा'. पोरीचं नाव ऐकून बापाला पायजमा आठवावा?

इकडे अमेरिकेत होमकमिंग म्हणजे माजी विद्यार्थ्यांचं माहेरपण. मिरवणूक, फुटबॉलची मॅच आणि मध्यंतरात राजा-राणीचा मुकुट. हे पहिलं कुणी सुरू केलं यावर विद्यापीठांचं भांडण आहेच. मिझुरी म्हणतं आम्ही, १९११. इलिनॉय १९१० सांगतं, बेलर १९०९. भाऊ रंगारी की टिळक, तसंच. पर्ड्यूने तर २०१८मध्ये राजा-राणी काढून नुसती 'रॉयल्टी' ठेवली. मराठी लेखकाला जी कधी मिळत नाही, ती.

ज्ञानदाच्या विद्यापीठातही राणी व्हायचं तर अर्ज, निबंध, मार्कांची अट, मुलाखत आणि शेवटी विद्यार्थ्यांचं ऑनलाइन मतदान. सांगलीहून मेहुणीचा फोन : "लिंक पाठवा भावजी, सोसायटीतून दोनशे मतं काढते." बाहेरच्यांना मत नाही म्हटल्यावर तिचा लोकशाहीवरचा विश्वासच उडाला.

अर्जात 'नावाचा उच्चार' असा रकाना होता. त्यासाठी मी अख्खी संध्याकाळ घातली. ज्ञ इंग्रजीत डी-एन-वाय असा लिहायचा, हे पाप आपलंच. तरी 'ड नव्हे, द. जीभ दातांना लावा' इतकं लिहून वर माझ्या आवाजात रेकॉर्डिंगही पाठवलं. आणि?

शेजारी एक आजी बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, स्वेटरला वाटीएवढी पिवळी शेवंती टाचलेली. मी कपाळावर हात मारल्याबरोबर वळल्या.

"तुमची मुलगी?"

"हो."

"मीही होते होमकमिंगच्या दरबारात. राणी नाही, राणीच्या मागे उभी राहणारी." शेवंती नीट केली. "राणी कोण झाली ठाऊक आहे? जिच्या बापाचं गाड्यांचं दुकान होतं. मिरवणुकीतल्या सगळ्या उघड्या गाड्या त्याच्या. तिला राणी केली नसती तर आम्ही चालत गेलो असतो!"

पुढे मैदानात बँडवाले काय वाजवत होते देव जाणे. आजींनी मला त्या मुलीचा झगा, तिचे दात आणि तिचे तीन नवरे सविस्तर सांगितले. मधेच माझा दंड धरून म्हणाल्या, "पण तुमच्याकडे खरे राजे असतात ना? तुमच्या मुलीला सवय असेल."

आमच्याकडे भाड्याचं दोन खोल्यांचं घर होतं, हे मी सांगितलं नाही. म्हटलं, "होते. आता कॉलेजात निवडणुकासुद्धा होत नाहीत." महाराष्ट्रात त्या नव्वदच्या दशकात मारामाऱ्यांपायी बंद झाल्या, हे मी समजावू लागलो, तोवर आजी पुन्हा त्या झग्यावर.

मुकुट दुसऱ्याच मुलीला मिळाला. त्याचं काही नाही. तिचं नाव एमिली. तिच्या रकान्यात काहीच लिहावं लागलं नसणार.

राग त्या निवेदकाचा येतो. खेळाडूंमध्ये एक सामोअन पोरगा आहे, चांगलं पाच अक्षरांचं आडनाव. ते मात्र हा बाबा जराही न अडखळता म्हणतो, प्रत्येक टॅकलला! म्हणजे जीभ वळते. वळवायची असली की वळते. आमचं नाव वर्षातून एकदा घ्यायचं, तर कशाला तसदी? हे मी ज्ञानदाला मेसेज करून कळवलं. तिचं उत्तर आलं, "बाबा चिल."

मॅच संपल्यावर आजींनी स्वेटरची शेवंती काढून माझ्या हातात दिली. "मुलीला द्या. डी... काय हो तिचं नाव?"

"ज्ञानदा."

"न्यानदा," आजी सावकाश म्हणाल्या. निवेदकापेक्षा हजार पटीने बरं. "आणि तुमचं?"

ज्ञानेश्वर म्हणायला तोंड उघडलं होतं. मागे जिन्यावर गर्दी ढकलत होती, आजींचा हात पुढे आलेला होता, आणि बावीस वर्षांची सवय.

"डॅन," म्हटलं.