जावयाबरोबर बसणे

सासऱ्याने जावयाबरोबर पहिल्यांदा 'बसायचं' कसं, याबद्दल आपल्या शास्त्रांत एक ओळ नाही. बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्याचे विधी लिहून ठेवणाऱ्यांनी नेमका हा प्रसंग सोडून दिला. मुलगी बघायला आलेल्यांना काय विचारायचं ते ठरलेलं असतं. "मुलगा घेत नाही ना?" असं आमच्या मेव्हण्यांनी खाजगीत विचारलं होतं आणि "नाही, ऑफिसच्या पार्टीत कधी तरी" असं ठरलेलं उत्तर आलं होतं. मुलाकडच्यांनी मात्र सासऱ्याची चौकशी केलीच नाही. केली असती तर आम्हीही तेच सांगितलं असतं. फक्त मी बँकेत होतो आणि बँकेत पार्ट्या जरा जास्त व्हायच्या.

जावई जर्मनीत एर्लांगनला इंजिनिअर आहेत. तिथून बांबर्ग आगगाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. "बाबा, बांबर्गला जाऊ. तिथला एक जुना पब तुम्हाला दाखवायचाय," जावई म्हणाले. ते 'दाखवायचाय' म्हणाले, 'बसायचंय' म्हणाले नाहीत, म्हणून हिने परवानगी दिली. त्यात श्रावण चालू होता. श्रावण इथे लागू होतो का, असा एक तांत्रिक मुद्दा मी विमानातच काढला होता. "श्रावण चंद्रावर चालतो, आणि चंद्र दोन्हीकडे एकच आहे," असं म्हणून तिने तो निकालात काढला.

बांबर्ग हे गाव बघताना मान सारखी वरखाली करावी लागते. सात टेकड्या, त्यामुळे त्याला फ्रँकोनियातलं, म्हणजे जर्मनीच्या या भागातलं, रोम म्हणतात. 1993 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथली जुनी नगरपालिका चक्क नदीच्या मधोमध उभी आहे. दंतकथा अशी, की बिशपने गावकऱ्यांना नगरपालिकेसाठी जागाच दिली नाही, तेव्हा त्यांनी रेग्निट्झ नदीत खांब ठोकून स्वतःची जागा तयार केली. नदीपात्रात बांधकाम हा विषय आपल्याला नवा नाही, पण इथे निदान नगरपालिकेने स्वतःच केलं होतं. भिंतीवर रंगवलेल्या चित्रांतल्या एका देवदूत-बाळाचा पाय तर चित्रातून खराखुरा बाहेर आलेला आहे, दगडाचा. ही बराच वेळ त्या पायाखाली उभी राहून "पडेल हो हे पोर" म्हणत होती.

मग टेकडी चढून कॅथीड्रल. सम्राट दुसरा हाइनरिश याने 1007 मध्ये इथे बिशपचं पीठ स्थापन केलं. तो आणि त्याची राणी कुनिगुंडे आत एकाच समाधीत शेजारी-शेजारी आहेत. समाधीच्या बाजूला कोरीवकाम आहे. राणीच्या शीलाविषयी कुणी तरी शंका घेतली म्हणून ती तापवून लाल केलेल्या नांगराच्या फाळांवरून अनवाणी चालत गेली आणि तिला काहीही झालं नाही, अशी आख्यायिका. जावयांनी हे मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. ऐकता ऐकता हिचा चेहरा बदलत गेला.

"म्हणजे इथेही अग्निपरीक्षा बायकोचीच," ही म्हणाली. "आणि हे काय करत होते?" तिने बोट दाखवलं हाइनरिशकडे, पण बघत होती माझ्याकडे.

पुढे तो संत झाला, असं जावई म्हणाले. त्याने परिस्थिती सुधारली नाही. टेकडी उतरताना ही एक शब्द बोलली नाही आणि आम्ही अशा मनःस्थितीत पबमध्ये शिरलो.

आता परमिट रूममध्ये तयार झालेल्या माणसाला या पबची कल्पना देणं अवघड आहे. आपल्याकडे 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. तो कुणाकडेच नसतो, त्यामुळे चेहऱ्यावर कायम एक विनापरवाना भाव राहतो. जिना चढताना मागे बघायचं, उतरताना पुढे. आत इतका काळोख, की ताटलीतली चकली आहे की शेव हे बोटांनी ठरवायचं. ओळखीचं कुणी दिसलं तर दोघांनीही न दिसल्यासारखं करायचं, हा सभ्यपणा. इथे दार उघडलं तर समोर बाबागाडीत एक तान्हं मूल झोपलेलं. त्याच्या शेजारी त्याची आजी, पुढ्यात अर्ध्या लिटरचा ग्लास. तुळया काळ्या पडलेल्या, छत बुटकं, लाकडी बाकं गुळगुळीत झालेली, आणि कोपऱ्यात लाकडी पिंप, ज्याच्या तोटीतून बिअर आपल्या वजनाने ग्लासात पडत होती. बांबर्गमध्ये धुराचा वास असलेल्या बिअरची परंपरा अखंड चालवणारी दोन घराणी. श्लेंकर्लाचा उल्लेख 1405 पासून सापडतो, श्पेत्सियाल 1536 ची. आम्ही कुठे बसलो होतो ते सांगत नाही. पुढे जे झालं त्यात पबचा काही दोष नव्हता.

बसायला रिकामं टेबल एकच दिसलं, म्हणून मी तिकडे निघालो, तर जावयांनी दंडाला धरून मागे ओढलं. ते श्टामटिश होतं. म्हणजे नेहमीच्या मंडळींचं टेबल. ती मंडळी आलेली नसली तरी टेबल त्यांचंच. बाकी टेबलांवर मात्र कुणीही कुणाशेजारी बसावं, फक्त "इथे कुणी आहे का?" एवढं विचारायचं. तेव्हा आम्ही एका म्हाताऱ्या जोडप्याच्या बाकावर सरकलो. खाली त्यांचा आखूड पायांचा कुत्रा होता. तोही इथला नेहमीचाच असावा, कारण त्याने आम्हाला हुंगून लगेच दुर्लक्षित केलं.

जावयांनी दोन बिअर सांगितल्या. "बाबा, पहिल्या ग्लासला चव विचित्र लागते. दुसऱ्याला सवय होते. इथले लोक म्हणतात, खरी आवडते ती तिसऱ्याला."

हे वाक्य हिच्यासमोर बोलायचं नव्हतं. तिने 'तिसऱ्या' हा शब्द उचलून बाजूला ठेवलेला मला दिसला.

ग्लास आले. गडद तपकिरी रंग, वर दाट फेस. मी उचलणार तेवढ्यात जावई म्हणाले, "बाबा, थांबा. इथे प्रोस्ट, म्हणजे चिअर्स, म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. नाही बघितलं तर सात वर्षं…" आणि ते एकदम थांबले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"सात वर्षं काय?" हिने विचारलं.

"साडेसाती," जावई म्हणाले.

"साडेसाती साडेसात वर्षांची असते."

"इथे अर्ध्या वर्षाची सूट आहे, आई."

शेजारच्या आजोबांना इंग्रजी येत होतं. त्यांना वाटलं, पाहुण्यांना माहिती अर्धवट मिळतेय. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सात वर्षं नेमकं काय बिघडतं ते सावकाश, हातवारे करून, पूर्ण सांगितलं. त्यांच्या पत्नी जोरात हसल्या. लेक मेनूकार्डात शिरली. ही नशिबाने प्रेट्झेल नावाच्या पावाची गाठ कुठून सुरू होते ते शोधत होती. आता माझी पंचाईत बघा. हे सगळं ऐकल्यावर सासऱ्याने जावयाच्या डोळ्यांत बघायचं. मी त्यांच्या भुवयांकडे बघितलं, त्यांनी माझ्या चष्म्याच्या दांडीकडे, आणि आम्ही ग्लास टेकवले.

पहिला घोट. लहानपणी आजोळी बंबातलं पाणी आंघोळीला मिळायचं. त्या पाण्याला, टॉवेलला आणि पुढे दिवसभर आपल्याला जो वास यायचा, तो कुणी थंड करून ग्लासात दिला तर? मी गिळला. जावयांसमोर थुंकता येत नाही.

कारण साधं आहे. धान्य भिजवून मोड आणायचे आणि ते वाळवायचे, म्हणजे माल्ट. पूर्वी ते उघड्या जाळावरच वाळवत, त्यामुळे बऱ्याचशा बिअरना थोडाफार धूर लागायचाच. पुढे धूर न लागू देता नुसत्या गरम हवेवर वाळवायची सोय झाली आणि जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. बांबर्गने टाकला नाही. हे लोक अजून बीच नावाच्या झाडाची लाकडं पेटवून त्या धुरात माल्ट वाळवतात, मुद्दाम.

लेकीने ग्लास हुंगला आणि हळूच म्हणाली, "बाबा, हा वास स्मोक्ड हॅमसारखाच आहे." हिने ते ऐकलं. 'हॅम' म्हणजे काय हे परदेशात यायच्या आधी आम्ही एका कागदावर पाठ करून आलो होतो.

"श्रावणात डुकराचं पाणी पिताय?"

इथे जावयांनी माझी वकिली केली, आणि ती फार उत्तम केली. म्हणाले, आई, बव्हेरियात 1516 मध्ये कायदा झाला, बिअरमध्ये फक्त जव, हॉप्स नावाची कडवट फुलं आणि पाणी. बांबर्गच्या बिशपने तर तसा हुकूम 1489 मध्येच काढला होता. म्हणजे ही शाकाहारी आहे, आणि पाचशेहून जास्त वर्षं लेखी शाकाहारी आहे. ही विचारात पडली. तिला कायद्याबद्दल आदर आहे. "बिशपने लिहून दिलंय ना? मग ठीक," म्हणाली. खरी गंमत त्यानंतर सुरू झाली, कारण ती मेनूकार्डाकडे वळली.

बटाट्याचं सॅलड? त्यात मांसाचा रस्सा घालतात. कोबी? बेकनचे तुकडे. बटाट्याचा गोळा, क्लोस? तो शाकाहारी, पण वरचं सॉस भाजलेल्या मांसाचं, आणि सॉसाशिवाय क्लोस मागितला तर वाढणारी बाई माणसाकडे कीव करून बघते. मग हिला एक चित्र दिसलं आणि तिचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. एक अख्खा मोठा कांदा, पोट कोरून भरलेला, वर काही तरी खरपूस पट्टी.

"अगं, हे तर भरले कांदे!" श्रावणात कांदा चालत नाही, हे तिला त्या क्षणी आठवलं नाही, आणि मला आठवण करून द्यायचं धैर्य नव्हतं. "दाण्याचं कूट नसेल, पण काही तरी भरलं असेलच की."

भरलं होतं. खिमा. वरची ती पट्टी बेकनची. बांबर्गचा हा मानाचा पदार्थ, कारण इथले बागाईतदार पूर्वीपासून कांद्यासाठी प्रसिद्ध. जावयांनी हे शक्य तितक्या हळू सांगितलं. हिने कार्ड मिटलं.

"म्हणजे या गावात कांद्यात मांस, कोबीत मांस, बटाट्यात मांस. आणि मांसाचा वास येतो त्या एकाच गोष्टीत मांस नाही, ती म्हणजे दारू."

यावर कुणालाच काही बोलता आलं नाही. शेजारच्या आजोबांना लेकीने भाषांतर करून सांगितलं, तेव्हा त्यांनी हिच्याकडे बघून ग्लास उचलला. शेवटी हिच्यासाठी ओबात्झडा मागवला. मुरलेलं चीज, लोणी, लाल मिरचीची भुकटी एकत्र कालवलेलं. प्रेट्झेलबरोबर तिने तो पूर्ण संपवला, "हे मात्र छान करतात" असं प्रशस्तिपत्रही दिलं. ओबात्झडा सैल करायला त्यात पुष्कळदा बिअरच घालतात, हे जावई मला म्हणाले. मला एकट्याला म्हणाले. आमच्या नात्यातलं हे पहिलं गुपित.

दुसरा ग्लास खरंच बरा लागला. बंब विझत आला होता. जावई मोकळे झाले, मी मोकळा झालो. त्यांनी नोकरीतली एक अडचण सांगितली, मी कर्जवसुलीचे दोन किस्से सांगितले, त्यातला एक खरा होता. तेवढ्यात मायलेकींना पुलावरून त्या देवदूताच्या पायाचा फोटो पुन्हा, नीट उजेडात काढायचा होता. त्या गेल्या. दार बंद झालं. जावयांनी माझ्याकडे पाहिलं. मी पिंपाकडे पाहिलं. इथले लोक उगीच का म्हणत असतील?

तिसऱ्याला आवडते. अगदी आवडते. त्या दोघी परत आल्या तेव्हा रिकामा ग्लास आजोबांच्या पुढ्यात सरकलेला होता आणि आजोबांची काही हरकत नव्हती.

पण पुरावा कुठे राहतो हे मला ठाऊक नव्हतं. परमिट रूममध्ये बिलावर 'फूड' असा एकच मोठा आकडा लिहून देतात. त्यात काय काय दडलंय ते कुणालाच कळत नाही. इथे प्रत्येक ग्लासागणिक वाढणारी बाई ग्लासाखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढून जाते. बिलाच्या वेळी ती आली, चकती उचलली आणि रेघा मोजल्या. मोठ्याने. जावई पाकीट काढणार, मी त्यांचा हात धरणार, "बाबा, नाही", "अहो, मी मोठा आहे", हा आपला नेहमीचा कार्यक्रम सुरू असतानाच हिने ती चकती हातात घेतली. जन्मभर दुधाच्या रतिबाचा हिशोब हिने ठेवलेला आहे. जर्मन आकडे येत नसले तरी रेघ कुठल्याही भाषेत रेघच.

"यात एक जास्त आहे," ही म्हणाली. "दोघांचे दोन-दोन, मी मोजलेत. त्यांना सांगा, परदेशी बघून फसवताय का म्हणावं."

वाढणारी बाई शांतपणे उभी होती. आजोबा छताच्या तुळया न्याहाळत होते. जावयांनी माझ्याकडे बघितलं आणि मी जावयांकडे, थेट डोळ्यांत, चांगलं सात वर्षांचं एकदम भागेल इतकं.

"ती माझी, आई," जावई म्हणाले. "तुम्ही फोटो काढायला गेलात ना, तेव्हा मी एक जास्त घेतली."

ही काही बोलली नाही. पैसे जावयांनीच दिले, मी फार आग्रह केला नाही.

परतीच्या गाडीत हिने लेकीला पलीकडच्या बाकावर नेलं आणि बराच वेळ हळू आवाजात समजावलं. "चांगले आहेत गं, पण जरा जास्त होते त्यांना. आत्तापासून लक्ष ठेव. तुझ्या बाबांकडे बघ, दोनवर थांबले," एवढं मला ऐकू आलं. मी त्या वेळी चौघांची तिकिटं दोन्ही बाजूंनी बारकाईने तपासत होतो.