‘पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल, मग इको कशाला?’

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणे, पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल असेल तर बाळाच्या हृदयात दोष नसतोच. जन्मानंतर टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांगतात ती पैसे उकळायला. इकोच्या किरणांनी तान्ह्याला अपाय होतो. आणि हृदयाला छिद्र असलंच तर ते आपोआप बुजतं. हे वाचून एखाद्या घरात तपासणी लांबली तर त्या बाळाच्या जिवावर बेतेल, म्हणून उत्तर देतोय.

किरणांचं लगेच निकालात निघतं. इकोत क्ष-किरण नसतातच, ध्वनिलहरी असतात. पोटातल्या बाळाची सोनोग्राफी त्याच लहरींवर चालते.

आता ‘नॉर्मल’चं. 18 ते 22 आठवड्यांच्या सोनोग्राफीत हृदयाचे चार कप्पे आणि त्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या बघतात. बरेच दोष तिथे सापडतात, ती चुकवू नयेच. पण या दोन वाहिन्यांची अदलाबदल झालेली असली तरी चारही कप्पे व्यवस्थित दिसू शकतात. शिवाय पोटात असताना फुफ्फुसांना वळसा घालून रक्त नेणारी एक वाट उघडी असते. जन्मानंतर काही दिवसांत ती मिटते. महारोहिणी, म्हणजे हृदयातून शरीराला रक्त नेणारी मुख्य धमनी, अरुंद असेल तर ते अनेकदा तेव्हाच कळतं, तोवर बाळ अगदी गुलाबी असतं.

एक दुर्मिळ दोष तर आधी कळणं फारच कठीण. हृदयाच्या डाव्या बाजूला रक्त पुरवणारी धमनी महारोहिणीऐवजी फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीतून फुटते. पोटात दोन्हीकडे दाब जवळपास सारखा, त्यामुळे काही अडत नाही. जन्मानंतर फुफ्फुसाकडचा दाब उतरत जातो आणि दीड-दोन महिन्यांत हृदयाच्या स्नायूलाच रक्त पुरेनासं होतं. बाळ चार घोट दूध ओढतं, सोडून देतं, कपाळ घामाने ओलं होतं, कळवळून रडतं. घरात वाटतं पोट दुखतंय. मग बेंबीला हिंग लावतात, दृष्ट काढतात, आणि दिवस जातात. इकोत रक्ताचा प्रवाह रंगांत दाखवणारा कलर डॉपलर लावला की त्या धमनीत रक्त उलटं वाहताना दिसू शकतं. पण ते शोधायचं बघणाऱ्याच्या डोक्यात हवं, नाहीतर ‘हृदय मोठं झालंय’ एवढ्यावरच रिपोर्ट थांबतो. म्हणून तान्ह्याची इको शक्यतो लहान मुलांच्या हृदयतज्ज्ञाकडूनच करून घ्यावी, त्यासाठी कोल्हापूर किंवा गोव्यातली बांबोळी गाठावी लागली तरी.

छिद्राबाबत मेसेज अर्धा खरा आहे. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याच्या स्नायूतलं बारीक छिद्र पुष्कळदा बुजतं. मोठं छिद्र सहसा बुजत नाही, झडपांना जोडून असलेली काही छिद्रं तर बुजतच नाहीत. आपल्या बाळाचं कुठलं, हे इको केल्याशिवाय कोण सांगणार?

पैशांची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या मोफत तपासणीत जन्मजात हृदयदोष येतो, पुढच्या उपचारांचीही सोय आहे. आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. बाळंतपणाच्या दवाखान्यातून घरी निघण्याआधी बाळाच्या उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून घ्या. ऑक्सिजनचा आकडा 90 टक्क्यांच्या खाली असेल तर लगेच तपासणी लागते; 90 ते 94 असेल किंवा हातापायात 3 पेक्षा जास्त फरक असेल तर पुन्हा मोजतात, आणि तसाच राहिला तर इको लागते. आकडा चांगला आला तरी दूध पिताना बाळ दमत असेल, घामेजत असेल, वजन धरत नसेल तर दाखवायलाच हवं. ओठ-जीभ निळी दिसली तर ग्रुपवर विचारत बसू नका, 108 ला फोन लावा.