‘रिपोर्ट नॉर्मल, गोळी तीच’ या तक्रारीबाबत दवाखान्याचे उत्तर

नमस्कार,

आपण दिलेला एक स्टार आणि त्याखालील तक्रार मी दोनदा वाचली. थायरॉइडची ५० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू होऊन चार महिने झाले तरी थकवा व केस गळणे थांबले नाही, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे हार्मोन; थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो) ३.८ आल्यावर काउंटरवरून फोनवर ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, गोळी तीच चालू ठेवा’ एवढेच सांगण्यात आले, तो रिपोर्ट घेऊन भेटायला आल्यावर पुन्हा पूर्ण फी घेतली गेली आणि अखेर दुसऱ्या डॉक्टरांनी डोस एकदम १०० केला, असे आपण लिहिले आहे. रुग्णाच्या केसपेपरमधील मजकूर येथे जाहीर करणे योग्य नाही, म्हणून आपण स्वतः मांडलेल्या गोष्टींपुरतेच उत्तर देत आहे.

फोनवरचा निरोप ही आमची चूक होती. लॅबच्या कागदावर टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी छापलेली असते, आकडा तिच्या आत आहे एवढेच काउंटरवर पाहिले गेले आणि तसे कळवले गेले. गोळी चालू असताना ३.८ येणे आणि त्रासही तसाच राहणे, असा रिपोर्ट डॉक्टरांनी रुग्णाला समोर बसवून पाहायचा असतो, कारण अशा वेळी डोस १२.५ किंवा २५ मायक्रोग्रॅमने वाढवून पाहण्यास वाव असतो. रिपोर्ट दाखवण्याची वेगळी फी न घेण्याचा नियम आमचाच आहे. तो पाळला गेला नाही, ती रक्कम परत मिळेल.

आपल्या तक्रारीतील एका वाक्यापाशी मात्र मी थांबलो. केसांच्या गोळ्या दोन महिने खाऊनही फरक पडला नाही, असे आपण ओघात लिहिले आहे. या गोळ्यांत बहुधा बायोटिन हे जीवनसत्त्व भरपूर असते, आणि बऱ्याच लॅबमधील तपासणीच्या पद्धतीत बायोटिनमुळे टीएसएच खऱ्यापेक्षा कमी दिसतो. म्हणजे ज्या ३.८ वरून आम्ही आपल्याला निर्धास्त केले, तो आकडा प्रत्यक्षात त्याहून जास्त असू शकेल. आमच्या केसपेपरवर ‘इतर औषधे’ असा रकाना आहे, परंतु केसांच्या गोळीला कोणी औषध म्हणत नाही, जसे चहाला कोणी खाणे म्हणत नाही. थायरॉइडची गोळी चहाच्याही आधी किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी, हे सर्व आम्ही चिठ्ठीवर ‘सकाळी उपाशीपोटी’ एवढ्या दोन शब्दांत उरकतो.

डोस एकदम दुप्पट करण्याशी मात्र मी सहमत नाही. थायरॉइडच्या गोळीतील थायरॉक्सिन शरीरातून निम्मे ओसरायलाच सुमारे ७ दिवस लागतात, त्यामुळे डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी तपासल्याशिवाय त्याचा अंदाज येत नाही. जास्त झालेला डोस सुरुवातीला बरा वाटू शकतो, हीच त्यातली अडचण. पुढे धडधड होते, झोप उडते, आणि तो तसाच चालू राहिला तर हाडे ठिसूळ होण्याचा व हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि बी-१२ आम्ही आधीच पाहायला हवे होते. ते अजून झाले नसल्यास अवश्य करून घ्यावे.

आपण आमच्याकडेच यावे असा आग्रह नाही. कोठेही तपासणी केलीत तरी केसांची गोळी किमान दोन दिवस आधी थांबवावी आणि त्या दिवशीची थायरॉइडची गोळी रक्त देऊन झाल्यावर घ्यावी. तत्पूर्वी धडधड जाणवली तर तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. फीची रक्कम घेण्यास आलात, तर थायरॉइडच्या गोळ्यांची बाटली आणि केसांच्या गोळ्यांची स्ट्रिप सोबत आणावी. मी स्वतः पाहीन, आणि त्याचे पैसे घेतले जाणार नाहीत.

आपला नम्र,
दवाखान्याचा संचालक